आधी कान दाखवा, मग भांडा

कराड,
आषाढ वद्य पंचमी

चि. सौ. अनघास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू इतकी तापली होतीस की मी मध्ये बोललोच नाही. आईने फोन स्पीकरवर ठेवला होता. त्यामुळे "या घरात एकतर तो राहील नाहीतर मी" हे वाक्य शेजारच्या काकूंनीही ऐकलं असणार. मी काही बोलायला गेलो असतो तर "बरं बाबा, ठेवते" म्हणाली असतीस. पत्र निदान शेवटपर्यंत वाचशील.

तुमच्या कुत्र्याच्या, बंटीच्या, अंगाला वास येतो, हे आधी कबूल करून टाकतो. तू उगाच नाक मुरडत नाहीस. मे महिन्यात तुमच्याकडे आलो तेव्हा दार उघडल्याबरोबर तो आंबूस, कुबट भपकारा मलाही आला, आणि मी नोकरीभर गोठ्यांत वावरलेला माणूस. तुझी आई रात्री नाकाला पदर लावून झोपली होती. तुला बोलली नाही, एवढंच.

दुसऱ्या दिवशी तुम्ही दोघं ऑफिसला गेल्यावर मी त्याला बाल्कनीत घेऊन बसलो आणि उजवा कान उलटा केला. आत तपकिरी, चिकट मळ. नळीच्या तोंडाशी कातडी लाल होऊन सुजलेली. कानामागे केसांच्या जटा, त्यातली एक कातडीला इतकी घट्ट बसलेली की खाली बोट शिरेना. कानाच्या बुडाशी अंगठ्याने हळूच चोळलं, तर त्याने डोक्याचा सगळा भार माझ्या तळहातावर टाकला, मागचा पाय हवेतच खाजवायला लागला आणि तो कण्हला. हे लाडात येणं नव्हे बरं का, त्या कानात ठणका होता. संध्याकाळी मी निखिलरावांच्या कानावर घातलं. "हो बाबा, येत्या रविवारी नेतो," म्हणाले. तो रविवार अजून उगवलेला दिसत नाही.

तुमचं भांडण चाललंय ते अंघोळीवरून. "चार दिवस झाले, घातली नाहीस" आणि "परवाच तर घातली". अगं, त्या कानाला अंघोळीने काय होणार? झालं तर वाईटच होईल. कुत्र्याच्या कानाची नळी आधी सरळ खाली उतरते आणि मग काटकोनात आत वळते. आत गेलेलं पाणी आणि मळ तळाशी बसून राहतो. त्यात कॉकर स्पॅनियल म्हणजे वरून केसाळ, जड कानाचं झाकण. इंग्लंडात झाडाझुडपांतून पक्षी उठवायला वाढवलेली ही जात, तिला पुण्याच्या पावसाळ्यात चौथ्या मजल्यावर ठेवलंय. मॅलॅसेझिया नावाची यीस्ट, म्हणजे एक बारीक बुरशी, प्रत्येक कुत्र्याच्या कातडीवर थोडीफार असतेच. ओल आणि तेलकटपणा मिळाला की ती माजते, आणि तो आंबूस वास बहुतेक तिचाच. डॉक्टर कानातला मळ काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. भुईमुगाच्या शेंगेसारखी दिसते, एकदा पाहिली की विसरत नाही. कधी सोबत जिवाणूही असतात, मग औषध बदलतं. म्हणून मेडिकलवाल्याला विचारून ड्रॉप्स आणू नका. आतला पडदा शाबूत आहे का हे बघितल्याशिवाय कानात काहीही घालायचं नाही. कानकाड्याही नकोत, मळ आणखी आत ढकलला जातो.

आणि तू काय करतेस? रूम फ्रेशनर, कापूर, दिवसातून दोनदा फिनाइलने फरशी. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! कापूर कुत्र्याच्या पोटात गेला तर विषारी असतो, तो कोपऱ्याकोपऱ्यात ठेवू नकोस. फिनाइलच्या ओल्या फरशीवरून तो चालतो आणि मग पंजे चाटतो, तेही बंद कर. तुझ्या सासूबाईंनी सांगितलेलं खोबरेल तेल तर अजिबात नको. आधीच तेलकट असलेल्या कातडीवर आणखी तेल कशाला? निखिलराव स्वतःचाच शाम्पू त्याला लावतात, हेही मी बाथरूममध्ये पाहिलं. आपल्या कातडीचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, साधारण 5.5, कुत्र्याचा त्याहून वर, 7 च्या आसपास. आपल्या शाम्पूने त्याची कातडी कोरडी पडते आणि खाज वाढते. डॉक्टरांनी औषधी शाम्पू दिला तर तो फेस करून 10 मिनिटं अंगावर राहू द्यायचा असतो, तरच औषध लागू पडतं. ही 10 मिनिटं कोणी पाळत नाही आणि मग औषधाला नावं ठेवतात.

दवाखान्यात गेलातच तर आणखी दोन जागा दाखवा. एक तोंड. मागच्या दाढांवर पिवळं कीटण जमलंय, हिरडीची कड लाल आहे. ते भूल देऊन काढावं लागतं, आधी रक्त तपासतील. दुसरी जागा शेपटीखालची. तो हॉलमधल्या गालिच्यावर बूड घासत पुढे सरकतो, त्यावर तुम्ही दोघं हसत होतात आणि निखिलराव व्हिडिओ काढत होते. तिथे दोन्ही बाजूंना छोट्या ग्रंथी असतात. त्या तुंबल्या की कुत्रं असं घासतं आणि सडक्या मासळीचा वास मारतो. सोफ्यावर येतो म्हणालीस तो बहुधा हाच. डॉक्टर मिनिटभरात दाबून मोकळ्या करतात. युट्यूब बघून घरी करायला जाऊ नका.

केसांचं मात्र घरीच बघायला हवं, आणि ते रोजचं काम आहे. तुमच्याकडे क्रम उलटा चाललाय. गुंता असताना पाणी घातलं की जट आणखी आवळते आणि आत ओल धरते. आधी विंचरायचं, मग अंघोळ. बोटांनी जट मोकळी करत टोकाकडून मुळाकडे यायचं, तारांचा ब्रश आणि मग स्टीलचा कंगवा. कात्री लावायची नाही. जटेत कातडी ओढली गेलेली असते, केस समजून कातडीच कापली जाते. माझ्याकडे अशी कापलेली कुत्री यायची, आणणारा जास्त रडायचा. कानामागची आणि काखेतली जट आता हाताने सुटण्यापलीकडे गेली आहे, ती ग्रूमरकडून मशिनने काढून घ्या. दोन महिने भुंडा दिसेल, दिसू दे. अंघोळीनंतर टॉवेलने टिपून ड्रायर गार हवेवर ठेवून मुळापर्यंत वाळवा. पावसातून फिरून आल्यावरही पोट आणि पंजे पुसायचेच. त्याची ती गादी मात्र फेकून द्या. नवीन घ्याल ती निघणाऱ्या खोळीची घ्या.

आता हे सगळं तू करायचंस असं मी म्हणतोय असं समजू नकोस. मी गोठ्यांतून फिरून यायचो तेव्हा मला माझा वास कळायचा नाही, सवयीने नाकाला कळेनासंच होतं. तुझ्या आईने मला कधी "वास येतो" म्हटलं नाही. मागच्या दारी गरम पाण्याची बादली आणि धुतलेले कपडे ठेवायची. सगळे तिचं कौतुक करायचे, मीसुद्धा. तू ती बादली ठेवू नकोस. निखिलरावांना वास येत नाही हे खरंच असेल, ते खोटं बोलत नसतील. 2020 च्या लॉकडाउनपासून ते त्या कुत्र्याबरोबर राहतात, त्यांच्या नाकाने ते कधीच सोडून दिलंय. पण कुत्रा त्यांचा आहे, विंचरणं त्यांचं. तुला जमेल तेव्हा कंगवा धर, लळा लागला तर उत्तमच. पण "शेवटी मलाच करावं लागतं" अशी वेळ येऊ देऊ नकोस. मग राग कुत्र्यावर निघतो, आणि त्याचा काय दोष?

बोलायची तऱ्हाही बदल. पाहुण्यांसमोर "याचा कुत्रा घाण मारतो" म्हटलंस की ते बंटीची वकिली करायला उभे राहतात. मेमध्ये जेवणाच्या टेबलावर मी तेच पाहिलं. "त्याचा कान दुखतोय, शनिवारी सकाळची अपॉइंटमेंट घेतली आहे, तू घेऊन जा" असं सांग. कान दुखतोय म्हटल्यावर ते भांडतील कशाला? ते मनाने चांगले आहेत, फक्त रविवारचे आहेत.

"बाबा, तुम्ही गावी ठेवून घ्या ना" म्हणालीस, त्याला मात्र माझं नाही. एसीत सोफ्यावर वाढलेल्या त्या जिवाला अंगणात कुठे सोडू? इथे गोचिडांचा सुळसुळाट आहे, गोचीडतापाने चांगली धडधाकट कुत्री गेलेली मी पाहिली आहेत. आणि खरं सांगू का, तो इथे येऊन आजारी पडला तर निखिलराव तुला काही बोलणार नाहीत, पण विसरणारही नाहीत. जावयाच्या मनात ते मला नको आहे.

औषध चालू केलं की वास आठवडाभरात कमी होईल आणि निखिलराव ड्रॉप्स बंद करतील. करू देऊ नका. डॉक्टर फेरतपासणीत थांबवा म्हणतील तेव्हाच थांबवायचे. कान पुन्हा पुन्हा चिघळायला लागला तर मुळाशी ॲलर्जी असू शकते. खाण्याची शंका आली तर डॉक्टर किमान 8 आठवडे एकच ठरवून दिलेलं खाणं देतात, आणि त्या काळात टेबलाखालून चिकनचा एक तुकडा सरकवला तरी सगळं पहिल्यापासून. कोण सरकवतं ते तुला माहीत आहेच. तिथल्या डॉक्टरांनी समाधान झालं नाही तर आमच्याकडे येताना वाटेत शिरवळला थांबा. तिथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, हायवेपासून फार आत जावं लागत नाही. निघण्यापूर्वी फोन करून बाह्यरुग्ण विभागाची वेळ विचारा.

गणपतीला येताय ना? बंटीलाही आणा. इथे त्याला पट्ट्याला धरूनच हिंडवायचं, आणि निघायच्या आधी गोचिडांचं औषध डॉक्टरांकडून घेऊन द्या. गुरांचं औषध मी त्याला लावणार नाही, ते कुत्र्यासाठी नसतं. आईने विचारलंय, त्याला उकडीचे मोदक चालतात का. मी नको म्हणालो, तर म्हणाली, "तुम्हाला कोणी विचारलंय, मी अनघाला विचारतेय." तेव्हा तूच तिला फोनवर नाही म्हणून सांग. शनिवारी दवाखान्यातून आल्यावर औषधाच्या कागदाचा फोटो मला पाठव, अक्षर लागलं नाही तर व्हिडिओ कॉल कर.

तुझे,
बाबा