बंड्यास, ऑल्बनीहून

ऑल्बनी, न्यूयॉर्क
१ मार्च २०२६

प्रिय बंड्या,

दिवाळीला तुझा एवढा लांबलचक मेसेज आला, त्यावर मी हात जोडलेलं चित्र पाठवलं आणि गप्प बसलो. शिव्या घालायच्या असतील तर आधी घालून घे, मग पुढं वाच. तब्येत बरी. साखर आहे तिथंच आहे, गुडघा थंडीत कुरकुरतो. हिचंही ठीक.

आता मुद्द्याचं. मला पक्षात बोलावलंय.

हो, मला. हस पोटभर. जाड्याला इतक्यात सांगू नकोस, तो फोन करून करून जीव घेईल.

पलीकडच्या आजी तुला माहीत आहेत. आयरिश, ऐंशी पार केलेल्या, आपल्या फुटपाथवरचं बर्फ स्वतः काढून मग माझ्या फुटपाथकडे बघून नाक मुरडतात, त्याच. गेल्या महिन्यात घरी आल्या आणि म्हणाल्या, आपल्या मतदान विभागात डेमोक्रॅटिक कमिटीची एक जागा रिकामी आहे, तू हो. तुमच्याकडचा बूथप्रमुख समज. उमेदवारांच्या अर्जावर दारोदार फिरून सह्या घ्यायच्या, मतदानाच्या दिवशी लोकांना आठवण करायची, बैठकांना जायचं. सह्यांचा हंगाम फेब्रुवारीअखेर ते एप्रिलची सुरुवात, म्हणजे बरोब्बर गारठ्यात. मी गमतीनं विचारलं, खुर्च्यापण मांडायच्या का? तर म्हणाल्या, हो, आणि नंतर उचलायच्यापण.

आता कळलं ना, हे पत्र तुलाच का? कॉलेजच्या शेवटच्या वर्षी कराड नगरपालिकेच्या निवडणुकीत तू रात्र रात्र खळीचा डबा घेऊन पोस्टरं चिकटवत हिंडायचास आणि मी दत्त चौकात सगळ्यांसमोर तुला ‘सतरंज्या उचल्या’ म्हणालो होतो. तू कितीतरी दिवस माझ्याशी बोलला नाहीस. जाड्यानं मिसळ खाऊ घालून मिटवलं, पण मिटलं कुठं? प्रत्येक सुट्टीत प्रीतिसंगमावर बसून आपण तेच भांडण पुन्हा पहिल्यापासून भांडलो. आपल्याला कळायला लागल्यापासून नगराध्यक्ष म्हटलं की पी. डी. पाटील साहेब. चाळीसएक वर्षं एकच माणूस. मी म्हणायचो, देवमाणूस असला तरी इतका काळ कुणी एका खुर्चीत बसू नये. तू म्हणायचास, लोक निवडून देतायत, तुझ्या बापाचं काय जातंय?

आणि माझं नशीब बघ, अख्ख्या अमेरिकेत मला नोकरी लागली ती याच गावात. एरास्टस कॉर्निंग. १ जानेवारी १९४२ ला महापौर झाला आणि २८ मे १९८३ ला वारला तेव्हाही महापौरच होता. अकरा वेळा निवडून आला. मधे दुसऱ्या महायुद्धात साधा शिपाई म्हणून सैन्यात गेला, तरी पद सोडलं नाही. मागं हंगामी माणूस बसवला आणि परत येऊन आपली खुर्ची घेतली. १९४२ पासून २०२५ संपेपर्यंत या शहरात निवडून आलेले महापौर किती? चार. चौऱ्याऐंशी वर्षांत चार! आपल्याकडं तेवढे पालकमंत्री एका टर्ममधे बदलतात.

पण कॉर्निंग म्हणजे नुसता चेहरा होता असं सगळे सांगतात. बड्या घरचा, येलमधे शिकलेला. पणजोबा त्याच नावाचा, तोही १८३४ ते ३७ इथला महापौर, वर रेल्वेचा मोठा मालक. गृहयुद्धाच्या वेळी लोकांना खटल्याशिवाय डांबण्यावरून लिंकनला निषेधाचे ठराव पाठवले त्यात हा पणजोबा पुढे होता, आणि १८६३ मधे लिंकननं त्याला दिलेलं उत्तर आजही नावाजलं जातं. खरी दोरी मात्र डॅन ओकॉनेलच्या हातात. साउथ एंडमधल्या गुत्तेवाल्याचा पोरगा. १९१९ मधे असेसर म्हणून निवडून आला, म्हणजे कुणाच्या घरावर किती पट्टी बसवायची ते ठरवणारा. दोन वर्षांनी त्यानं आणि त्याच्या भावांनी रिपब्लिकनांची जुनी सत्ता उलथवली. त्यानंतर आजतागायत इथं रिपब्लिकन महापौर झालेला नाही. डॅन १९७७ मधे मरेपर्यंत गावाचा मालक, आणि उभ्या आयुष्यात निवडणुकीनं मिळालेलं पद ते एकच, असेसरचं. तुमचा तो अण्णा आठवला का? कधी उभा राहिला नाही आणि कधी हरला नाही.

या असेसरच्या पदातच सगळी मेख आहे बघ. इथं कोण कुठल्या पक्षात नोंदलेलं आहे ही यादी उघडी असते, कुणीही बघावी. मशीन, म्हणजे डॅनच्या पक्षाची ही बांधलेली यंत्रणा, जोरात असताना, आजी सांगतात, रिपब्लिकन म्हणून नाव लावलं की घराची पट्टी वाढायची. मग वॉर्डातल्या पुढाऱ्याकडं जायचं, तो ‘बघतो’ म्हणायचा, आणि पट्टी खाली यायची. घरावर नवं छप्पर घातलं तरी पुढाऱ्याला विचारून. आधी काढून घ्यायचं, मग उपकार म्हणून परत द्यायचं. मतदानाच्या दिवशी पाच डॉलरची नोट मिळायची हे तर गावात पोरासोरांनाही ठाऊक. डॅनचा स्वतःचा बिअरचा कारखाना होता, हेड्रिक नावाचा, आणि गुत्ता चालवायचा तर तीच बिअर ठेवलेली बरी. कॉर्निंगची विमा कंपनी होती, काउंटीचा, म्हणजे आपल्याकडचा जिल्हा समज, विमा तिच्याकडं. थॉमस ड्यूई गव्हर्नर झाल्यावर या सगळ्यावर चौकशी लावून बसला. ज्यानं न्यूयॉर्कचे गुंड आत घातले त्याला ऑल्बनीत काही हाती लागलं नाही.

तू म्हणशील, बघ, मी सांगत नव्हतो, हीच तर माझी बाजू. थांब. आजींच्या वडिलांना मंदीत काम मिळालं ते वॉर्डाच्या पुढाऱ्यामुळं. घरात कोळसा आला तो त्याच्यामुळं. आई गेली तेव्हा पहिला दारात तोच उभा. आजी हे सांगताना अजूनही त्याचं नाव अदबीनं घेतात आणि पुढच्याच वाक्यात त्याला चोर म्हणतात. दोन्ही त्याच आवाजात.

माझं ऑफिस ज्या सरकारी संकुलात आहे त्याची गोष्ट तर तुला प्रत्यक्ष दाखवायला पाहिजे. १९५९ मधे नेदरलँड्सची राजकन्या आली, तिला मोटारीतून नेताना वाटेत जुनी पडकी वस्ती दिसली आणि गव्हर्नर रॉकफेलर शरमला, असं सांगतात. त्यानं गावाच्या मधोमध ४० ब्लॉक पाडून संगमरवरी संकुल बांधायचं काढलं. सात हजारांच्या आसपास माणसं उठवली, त्यात इटालियन घरं पुष्कळ. कॉर्निंग आधी कोर्टात गेला. हरला. आणि मग त्याच कॉर्निंगनं रॉकफेलरला तोड सुचवली: राज्यानं कर्ज काढायचं तर मतदारांना विचारावं लागेल, त्यापेक्षा काउंटी रोखे काढेल आणि राज्य भाडं भरेल. मतदारांना वळसा, काउंटीला पैसा. खर्च दीड अब्ज डॉलरच्या वर गेला. आज त्यातला सगळ्यात उंच टॉवर कॉर्निंगच्या नावाचा आहे. न्यूयॉर्क शहर सोडलं तर राज्यात त्याहून उंच इमारत नाही. मी जेवणाच्या सुट्टीत त्याच्या पायथ्याशी डबा खातो. आजींच्या मावशीचं घर त्याच आवारात कुठंतरी होतं. कुठं, ते त्यांनाही आता दाखवता येत नाही.

हे सगळं मी हिला जेवताना सांगतो. ती म्हणते, इतिहास पुरे, तू होय म्हणणार आहेस का नाही ते सांग.

आता खरी गोष्ट सांगतो, जी हिलाही नीट सांगितलेली नाही. आमच्या कोपऱ्यावर बर्मातून आलेली एक-दोन कुटुंबं राहतात. त्यांच्या दारासमोरचा रस्त्यावरचा दिवा बंद. पोरं बसमधून उतरतात तेव्हा अंधार. आजींनी गल्लीत आधीच बोभाटा केला होता की मी कमिटीत येतोय, त्यामुळं त्यांच्यातला थोरला माझ्या दारात आला, टोपी हातात धरून. बंड्या, टोपी हातात धरून! मी म्हणालो, बघतो. तोंडातून तोच शब्द आला. मग आमच्या नगरसेविकेला फोन केला. थोड्या दिवसांत दिवा लागला. संध्याकाळी त्यांची मुलगी नूडल्सनी भरलेलं ताट घेऊन आली.

आणि मला काय वाटलं सांगू? लेका, मजा वाटली. छाती दोन इंच फुगली. प्रमोशन झालं तेव्हाही असं झालं नव्हतं. रात्री झोपताना मनात हिशेब की त्या घरात मतं किती असतील, अजून नागरिक झालेत का नाही. मी! ज्यानं तुला दत्त चौकात...

तो दिवा तसाही लागला असता. शहराचं ॲप आहे, तक्रार टाकली की माणूस येतो. त्यांना ते माहीत नव्हतं आणि मला माहीत असून मी सांगितलं नाही. सुचलंच नाही म्हण. त्याला ॲप दाखवलं असतं तर पुढच्या वेळी तो माझ्या दारात आला नसता. डॅन ओकॉनेलनं उभं साम्राज्य ज्यावर चालवलं ते एवढंच असेल का, असं वाटून मी अंथरुणात उठून बसलो. हिनं विचारलं काय झालं, म्हणालो गुडघा.

तू इतकी वर्षं हे केलंस. लोकांचे दाखले, रेशनकार्डं, दवाखान्यात खाट. तुला ही नशा कधी चढली होती का? उतरते कशी? मी तुला कधी विचारलं नाही, कारण मला वाटायचं तुला उत्तर माहीत नसणार. हे वाचून चिडू नकोस. चिडलास तरी लिही.

नंतरचे महापौर उरकतो. १९७३ मधे कॉर्निंग हरता हरता वाचला, साडेतीन हजारांच्या आसपास मतांनी. त्याच्या मागून आलेला व्हेलन मशीनमधलाच, पण त्यानं खिडक्या उघडल्या, हिशेब मांडले. मग १९९३ मधे जेनिंग्ज, शाळेत उपमुख्याध्यापक होता, पक्षाच्या अध्यक्षालाच प्राथमिक निवडणुकीत पाडून आला. बंडखोर! आणि वीस वर्षं बसला. हा मुद्दा माझा, लिहून ठेव. मग कॅथी शीहान, पहिली बाई, आधी शहराची खजिनदार होती. तीन टर्म करून स्वतःहून थांबली. सिटी हॉलसमोरचा फिलिप स्कायलर या स्वातंत्र्ययुद्धातल्या सेनापतीचा पुतळा तिनं हलवला, कारण तो गुलाम ठेवायचा. पुतळ्यावरून इथंपण गावात दोन तट पडतात, तुला करमेल. आणि या जानेवारीपासून डॉर्सी ॲप्लायर्स, पहिली कृष्णवर्णीय महापौर. आधी शहराचे हिशेब तपासायची. १६८६ ला सनद मिळालेल्या गावाला इथवर यायला एवढी वर्षं लागली.

मी गेल्या जूनमधे मत दिलं. इथं नोव्हेंबरची निवडणूक नावापुरती, खरी लढत जूनमधे पक्षाच्या आत होते, आणि तिथं मत द्यायचं तर पक्षात नाव लावावं लागतं. म्हणून नागरिक झालो तेव्हाच लावलं होतं. तुला सांगितलं नव्हतं. चार जण उभे होते. कुणाला दिलं ते विचारू नकोस.

तुझ्याकडचं काय? पमीच्या लग्नाचं कळलं, आहेर राहिला, हिच्या भावाबरोबर पाठवतो. उसाचं बिल मिळालं का? काकूंचं मोतीबिंदूचं झालं असेल. वहिनींना सांग, त्यांनी दिलेली चटणी संपली आणि इथं मिळते ती चटणी नव्हे. तू परत उभा राहायचं म्हणत होतास त्याचं काय झालं? नसशील राहिला तर बरं, असशील राहिला तर निकाल कळव.

आजींना शनिवारपर्यंत उत्तर द्यायचंय. मी बहुतेक होय म्हणणार, आणि त्याआधी त्या बर्मी घरात जाऊन ॲप कसं वापरायचं ते दाखवून येणार. असं आज तरी ठरवलंय. तुला यातलं दुसरं मूर्खपणाचं वाटेल. पहिल्या दिवशीच हातातलं गिऱ्हाईक घालवतोय म्हणशील. म्हण.

आणि एक कामाचं सांग. दार उघडलं की पहिलं वाक्य काय बोलायचं? तू काय बोलायचास?

तुझा,
गोट्या

ता. क. ही म्हणते, बैठका आपल्या घरी झाल्या तर चहा पक्षाच्या खर्चानं.