त्या १०६५ च्या पीकबद्दल थँक्यू, सर

सर, नाव टाकत नाही, तुम्हाला आवडणार नाही. पण मास स्पेकच्या, म्हणजे रेणूंची वजनं मोजणाऱ्या मशीनच्या, खोलीत बारा महिने स्वेटर घालून बसणारे म्हटलं की आमच्या लॅबमधले सगळे ओळखतील.

सहा महिने मी मातीतल्या त्या एका बॅसिलस जिवाणूच्या मागे होतो. प्लेटवर एका बाजूला तो, समोर फ्युजेरियम ही बुरशी, आणि मधे बोटभर स्वच्छ पट्टा, बुरशी पुढे सरकायलाच तयार नाही. मग ब्रॉथमधले, म्हणजे जिवाणू वाढवलेल्या द्रवातले, सेल्स काढले, उरलेल्यात एचसीएल टाकून पीएच २ वर आणला, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला, खाली बसलेला गाळ मिथेनॉलमध्ये घेतला, तर तोही बुरशी मारतोय, उकळला तरी मारतोय, प्रोटीन तोडणारं प्रोटिएझ घातलं तरी मारतोच आहे. म्हणजे साधं प्रोटीन नाही एवढं कळलं होतं. तुमच्याकडे आणलं आणि स्क्रीनवर १०४३, १०५७, १०६५, १०७९, १०८१ असे पाच पीक, म्हणजे ग्राफवर त्या त्या वजनाला उंच टोकं, आले, मी मनातल्या मनात पाच नवीन कंपाउंड मोजून मोकळा. पेपरचं टायटलसुद्धा ठरलं होतं, हे तुम्हाला आज पहिल्यांदा सांगतोय.

तुम्ही हसला नाहीत, पहिलं थँक्यू त्याबद्दल. कागद पुढे सरकवलात आणि वजाबाकी करायला लावलीत. १०६५ मधून १०४३ गेले २२, म्हणजे प्रोटॉनच्या जागी सोडियम चिकटलाय, रेणू तोच. १०७९ आणि १०५७, परत २२. १०८१ मधून १०४३ गेले ३८, हा पोटॅशियम. आणि १०४३ ते १०५७ मधले १४ म्हणजे फॅटी अ‍ॅसिडच्या शेपटीला एक कार्बन आणि दोन हायड्रोजन जास्त. पाचाचे दोन झाले, तेही सख्खे भाऊ. दहा मिनिटांत माझा पेपर संपला.

मी घाईघाईत वहीत 'इटुरिन ए' असं बॅसिलसच्या एका ओळखीच्या बुरशीनाशकाचं नाव लिहिलं तर तेही खोडायला लावलंत. त्याच्याच कुळातल्या मायकोसब्टिलिनचं वजनही तेवढंच, सात अमिनो अ‍ॅसिड तीच, फक्त शेवटच्या सेरीन आणि अ‍ॅस्पॅराजिनची अदलाबदल, मग नुसत्या वजनावर नाव कसं देणार? एमएसएमएस करून, म्हणजे मशीनमध्येच रेणूचे तुकडे करून त्यांची वजनं बघत, रेणू तोडायला लागला, त्यात ही अमिनो अ‍ॅसिडची रिंग, कुठेही उघडते, तुकड्यांचा क्रम लावताना डोकं फिरलं. तुम्ही मात्र जेवायची वेळ टळली तरी शेजारी बसून होतात. शेवटी निघालं ते 'इटुरिन ए'च. काँगोमधल्या इटुरी भागावरून नाव पडलेलं, कित्येक दशकं माहीत असलेलं कंपाउंड! वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण रिव्ह्यूअरने सांगण्यापेक्षा तुम्ही सांगितलंत ते बरं.

आणि हो, ब्लँकचं, म्हणजे अर्क न घालता करायच्या तुलनेच्या चाचणीचं, राहिलंच. प्लेटवर नुसत्या मिथेनॉलची कागदी डिस्क ठेवली होतीस का, असं तुम्ही विचारलंत तेव्हा मला राग आला होता. नंतर गुपचूप ठेवून बघितली, नीट न वाळवलेल्या डिस्कभोवतीपण बुरशी न वाढलेला छोटा झोन आला होता. जुने सगळे रीडिंग परत घेतले.

१९५० मध्ये निस्टॅटिन हे बुरशीवरचं औषध सापडलं तेव्हा एलिझाबेथ हेझन न्यूयॉर्क शहरात मातीतले जिवाणू तपासायच्या आणि रेचल ब्राउन ऑल्बनीत त्यातलं रसायन वेगळं करायच्या, सॅम्पल बरण्यांतून पोस्टाने जायची-यायची. मला तर नुसते दोन मजले चढायचे होते, तरी सहा महिने लावले. आधी आलो असतो तर निम्मी मिथेनॉल वाचली असती.

दुसऱ्या एका स्ट्रेनचा अर्क तयार आहे, हा स्ट्रेप्टोमायसिस, मातीतलाच वेगळा जिवाणू आहे. यूव्हीत ३६३, ३८२, ४०५ नॅनोमीटरला तीन टोकं दिसतायत, म्हणजे हेप्टाईन पॉलिईन (ओळीने सात दुहेरी बंध असलेला रेणू) असणार, अ‍ॅम्फोटेरिसिन या बुरशीवरच्या औषधासारखं काहीतरी. नवीन आहे असं अजिबात म्हणत नाहीये. गुरुवारी स्लॉट मिळेल का? व्हायल ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळूनच आणतो, ब्लँकसकट.