पाइपची लांबी मोजता, व्यासही मोजा

महोदय,

ऊसलावणीआधी आमच्या भागात पाइपलाइनची कामे निघतात. विहिरीपासून शेवटच्या सरीपर्यंत किती फूट पाइप लागेल, हे जो तो दोरी टाकून बघतो. व्यास मात्र दुकानात, खिशाकडे बघून ठरतो. गणित शिकवण्यात माझी हयात गेली, त्यामुळे हे बघवत नाही.

आमच्याकडे ६३ मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपला दोन इंची म्हणतात आणि ९० च्या पाइपला तीन इंची. दोनाचे तीन झाले म्हणजे पाणी दीडपट, असा हिशेब सर्रास ऐकू येतो. पण पाण्याची वाट म्हणजे पाइपच्या तोंडाचे क्षेत्रफळ, आणि ते व्यासाच्या वर्गाच्या पटीत वाढते. म्हणजे वाट दुपटीहून थोडी जास्तच होते. यावर कुणी म्हणतो, मग दोन इंचीच्याच दोन ओळी शेजारी टाकू. इथेच गोम आहे. पाणी आतल्या भिंतीला घासत पुढे सरकते. ६३ च्या दोन पाइपांचा परीघ मिळून सुमारे ३९६ मिलिमीटर भरतो, ९० च्या एकाचा २८३. भिंत वाढली की घर्षण वाढते, दाब वाटेतच खर्ची पडतो. तेवढ्याच दाबावर ९० चा एक पाइप ६३ च्या एका पाइपच्या साधारण अडीचपट पाणी देतो. आमच्या भावकीतल्या एकाने पैसे वाचवायला लांब पल्ल्याला ६३ चा पाइप गाडला. मोटार दिवसभर चालते आणि टोकाच्या सऱ्या कोरड्या राहतात. रान पुन्हा उकरायचा खर्च आता कोण देणार?

आणखी एक. पीव्हीसी पाइपवरचा आकडा बाहेरचा व्यास असतो. पाइप किती दाब सोसतो त्यानुसार त्याची जाडी बदलते; जाडी वाढली की आतला व्यास घटतो. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपचे उलट: आकडा साधारण आतल्या व्यासाचा, म्हणून एक इंची पाइप बाहेरून ३३.७ मिलिमीटर भरतो. दोरा गुंडाळून लांबी घ्या, ३.१४ ने भागा, बाहेरचा व्यास कळेल. त्यातून जाडीची दुप्पट वजा केली की आतला.

दहावीच्या महत्त्वमापनाच्या धड्यात मुले वृत्तचितीचे घनफळ पाठ करतात. शिक्षकांनी त्या तासाला ६३ आणि ९० च्या पाइपचे तुकडे वर्गात आणावेत, मुलांना दोऱ्याने मोजायला लावावे. सहायक कृषी अधिकाऱ्यांनीही (पूर्वीच्या कृषी सहायकांनी) लावणीच्या हंगामाआधी हा हिशेब ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावा, ही विनंती.

— एक निवृत्त गणित शिक्षक, ता. पलूस, जि. सांगली