फिल्टरच्या घड्या उलगडणाऱ्या मिस्त्रीकाकांना

आदरणीय मिस्त्रीकाका,
सा. न. वि. वि.

परवा ओंकारेश्वरहून परतताना भेरूघाट चढून आलो. आई मागे शांत झोपली होती आणि इंजिनाने एकदाही आचका दिला नाही, म्हणून इंदूरला पोहोचताच हे पत्र लिहायला बसलो आहे.

दोन महिन्यांपूर्वी याच चढावर गाडी अडखळत होती. आमचा टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, कंपनीचा नाही, मागाहून बसवून घेतलेला आहे, एवढ्या कारणावरून दोन गॅरेजांनी साध्या सर्व्हिसिंगलाही हात लावला नाही. तिसऱ्याने काम घेतले, पण स्पार्क प्लगची, म्हणजे इंधन पेटवणारी ठिणगी जिथे उडते ती, फट मूळ इंजिनाच्या मापाची, १.१ मिलिमीटरची ठेवली आणि वर ‘टर्बो लावल्यावर असे होणारच’ असे सुनावले. टर्बोने दाबलेल्या हवेत ठिणगीला एवढी फट ओलांडणे जड जाते, हे तुम्ही दोन वाक्यांत सांगितलेत आणि ती ०.७ वर आणलीत. इतके सोपे कारण न शोधता गिऱ्हाइकालाच दोष देणाऱ्यांचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

मात्र मला सर्वाधिक भिडले ते वेगळेच. तेल बदलून झाल्यावर तुम्ही जुना ऑइल फिल्टर कापलात, आतल्या कागदाची एकेक घडी पांढऱ्या फडक्यावर उलगडलीत आणि लोखंडी कण शोधायला वरून चुंबक फिरवलेत. त्याला काही चिकटले नाही, तरी तुमचे समाधान झाले नाही. टर्बोची बेअरिंग पितळी धातूची, ती चुंबकाला लागत नाही, असे म्हणत तुम्ही तो तेलकट कागद दारात नेऊन उन्हात तिरका धरलात. मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणारा टर्बोचा दांडा या बेअरिंगमध्ये तेलाच्या पातळ थरावर तरंगतो, आणि तो थर तुटत असता तर याच कागदावर सोनेरी कण चमकले असते. एकही कण नव्हता. ‘निर्धास्त राहा,’ म्हणत तुम्ही कागद माझ्या हातात दिलात. बिलात या तपासणीचा एक रुपयाही नव्हता. समोरच्याची धास्ती त्याने न सांगता ओळखणारी माणसे गावात आहेत, याचा मला फार आधार वाटतो.

घाट चढून सिमरोलला थांबलो, तेव्हा तुमच्या सांगण्याप्रमाणे टर्बो निवेपर्यंत इंजिन दोन मिनिटे चालू ठेवले. पाच हजार किलोमीटर होताच पुन्हा येईन. त्या वेळी कागदाच्या घड्या मला उलगडू द्याव्यात, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
रामबागेतला गाडीवाला