दादाच्या उमेदवारीबद्दल

डॅलस

तीर्थरूप आप्पा आणि आई यांना सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. आई, जेवण वेळेवर होतं, शेंगाचटणी अजून पुरतेय.

दादाविरुद्ध वकिलांच्या राज्य बार कौन्सिलकडे तक्रार गेली आणि आता तो महापालिकेला उभा राहतोय, म्हणून तुम्हाला झोप नाही. आप्पा, तक्रार म्हणजे शिक्षा नव्हे. शिस्तपालन समितीपुढे त्याला बाजू मांडता येते. निकाल विरुद्ध गेलाच तर साठ दिवसांत बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे अपील आहे, पुढे सुप्रीम कोर्ट. "लांबून सांगायला सोपं असतं" असं तुम्ही म्हणालात. सोपं नाही, आप्पा. कोर्टाच्या आवारात तुम्हाला कोण काय विचारत असेल, हेच डोक्यात असतं.

इथली एक गोष्ट तुम्हाला पटणार नाही. टेक्सासमध्ये न्यायाधीशसुद्धा मतांवर निवडून येतात, तेही पक्षाच्या तिकिटावर! लोक घरापुढच्या हिरवळीत त्यांच्या नावाच्या पाट्या खोचतात. ज्यांच्यापुढे उद्या उभं राहायचं, त्यांच्याच प्रचाराला वकील देणगी देतात, आणि ते कायद्याला धरून असतं. राज्याचा सर्वांत मोठा सरकारी वकील, अ‍ॅटर्नी जनरल, तोही निवडून येतो. सध्याचे केन पॅक्स्टन. त्यांच्यावर २०१५ मध्ये रोख्यांच्या व्यवहारात फसवणुकीचे आरोप ठेवले गेले, तरी २०१८ आणि २०२२ मध्ये ते पुन्हा निवडून आले. २०२३ मध्ये महाभियोग झाला, त्यातून टेक्सासच्या सिनेटने, म्हणजे राज्याच्या वरच्या सभागृहाने, त्यांना निर्दोष सोडलं. जुना खटला २०२४ मध्ये नुकसानभरपाई भरण्याच्या तडजोडीवर मिटला, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी वॉशिंग्टनच्या, म्हणजे देशाच्या, सिनेटसाठी उमेदवारी जाहीर केली. खटला कधी पुरता चाललाच नाही, त्यामुळे खरं काय ते लोकांना कळलं नाही. दादाचं असं होऊ नये. तो निर्दोष आहे असंच मी मानतो, म्हणून त्याला म्हटलं, आधी समितीपुढे सगळे कागद ठेव, मग पत्रकं छाप. तो चिडला. आप्पा, तुम्ही सांगितलंत तर ऐकेल.

पैसे तुमच्या खात्यावर पाठवलेत. ते छकुलीच्या लग्नाच्या कार्यालयाचे आहेत, प्रचाराला त्यातला रुपयाही देऊ नका, दादाने मागितले तरी. बार्शीच्या मंडळींना तक्रारीचं आपणच आधी सांगा, बाहेरून कळायला नको. साखरपुड्याला मला येता येणार नाही. व्हिसाचं काम अडकलंय, आता निघालो तर परत येणं अवघड होईल. छकुलीला मी फोनवर सांगितलं. "चालेल रे" म्हणाली आणि लगेच फोन आईकडे दिला. आई, तिला नारायणपेठ माझ्याकडून घ्या, रंग तिचा तिला निवडू दे.

तुमचा
बाळू