तुझं ते मागणं

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

त्या रात्री तू सगळं सांगितलंस आणि मी नुसतं "झोप आता" म्हणालो. रागावलो नव्हतो, राजा. शब्दच सुचेनात. पण अंधारात तुला ते गप्प बसणं रागाहून वाईट वाटलं असणार. माफ कर.

तू एका मुलाच्या प्रेमात आहेस हे ऐकून मी हललो, खोटं कशाला बोलू? पण चटका बसला तो पुढच्या वाक्याने. वर्षभर प्रार्थनेत तू एकच मागत होतास, "मला बदल." मी रोज तुझ्या शेजारी डोळे मिटून बसायचो. वाटायचं, पोराची श्रद्धा किती गाढ! हातभर अंतरावर तू काय सोसत होतास, मला पत्ताही नव्हता.

उद्या कुणीतरी, बहुधा आपल्यातलंच, उपचार सुचवेल. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून १९९० सालीच काढली. आजारच नाही तिथे औषध कसलं? असल्या कुणाच्या दारात मी तुला नेणार नाही.

देवाबद्दल मात्र इतक्या ठामपणे बोलता येत नाही. ग्रंथातल्या ज्या ओळी तुला बोचतात, त्या या आठवड्यात मी पुन्हा वाचल्या. मलाही बोचल्या. तुझी आजी गेली तेव्हा दोन वर्षं मी नुसते ओठ हलवत होतो; हे तुझ्या आईलाही ठाऊक नाही. मदर तेरेसांची खासगी पत्रं त्यांच्या मृत्यूनंतर, २००७ साली छापली गेली, तेव्हा कळलं की कित्येक दशकं त्यांना देव जवळ असल्याचं जाणवतच नव्हतं. तुला शंका येतात म्हणून तू वाया गेलास असं मला मुळीच वाटत नाही. प्रार्थनेला बसावंसं वाटलं तर ये, नाही वाटलं तर राहू दे. फक्त ते मागणं पुन्हा मागू नकोस.

आईला मी काही बोललेलो नाही. तुला वाटेल तेव्हा तूच सांग. मित्रांना सांगायचीही घाई नको. त्या मुलाच्या मनात काय आहे, तेही तुला अजून कळलेलं नाही. नकार आला तर दुखेल, तेव्हा माझ्याकडे ये.

आणि त्या रात्रीच विचारायला हवं होतं ते आता विचारतो. तुझ्या वयात मला कुणी विचारलं असतं, तर मी तासभर बोललो असतो. कसा आहे रे तो?

तुझा
बाबा