यीस्टच्या बातमीत राहून गेलेला भाग

मा. संपादक,
स. न. वि. वि.

यीस्टकडून जिवाणू मारणारे पेप्टाइड (प्रथिनाचा छोटा तुकडा) बनवून घेतल्याचे, कालच्या अंकातील ‘यीस्ट करणार सुपरबगचा खात्मा’ हे वृत्त वाचले. प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२.७ लाख लोक थेट दगावल्याचा अंदाज आहे, तरीही हा विषय पहिल्या पानावर क्वचितच येतो. तो आणल्याबद्दल आपले आभार. मात्र काचेच्या बशीत जिवाणू मेले, हे वाक्य संपते न संपते तोच आपल्या प्रतिनिधीने रुग्णाला बरे करून घरीही पाठवले, ही जरा घाईच झाली.

यीस्टच का, याचे उत्तर बातमीत ठीक दिले आहे. जिवाणू मारणारे पेप्टाइड जिवाणूकडूनच बनवून घ्यायला गेले, तर बनवणाराच आधी मरण्याची भीती; यीस्टच्या पेशीपटलाची घडण वेगळी असल्याने ते बहुधा तगते आणि तयार पेप्टाइड पेशीबाहेर सोडते. पण बाहेर प्रथिने तोडणारी त्याचीच विकरेही (एन्झाइम) असतात, याचा बातमीत मागमूस नाही. मी नोकरी केलेल्या एका कंपनीच्या किण्वन (फर्मेंटेशन) विभागात पिचिया जातीच्या यीस्टला खाद्य म्हणून मिथेनॉल देऊन असेच एक पेप्टाइड बनवण्याचा प्रकल्प होता. मिथेनॉल जास्त झाले तर पेशी मरतात, कमी पडले तर उत्पादन मंदावते. म्हणून रात्रपाळीला अधूनमधून त्याचा पुरवठा क्षणभर तोडायचा आणि विरघळलेल्या ऑक्सिजनचा आकडा लगेच उसळतो का, हे डोळ्यांत तेल घालून पाहायचे; उसळला, तर मिथेनॉल साचलेले नाही. एवढे करूनही आदल्या दिवशी जेलवर (प्रथिने वेगवेगळी करून दाखवणाऱ्या चाचणीत) ठसठशीत दिसलेला पेप्टाइडचा पट्टा दुसऱ्या दिवशी पुसट होई आणि नंतर दिसेनासाच होई. आपणच बनवलेले यीस्टने आपणच खाल्लेले असे. सामू (पीएच) आणि तापमान उतरवल्यावर कुठे थोडेफार हाती लागू लागले, त्यातलेही बरेचसे शुद्धीकरणात गेले आणि उरलेल्याचा बशीतला पराक्रम रक्तद्रवातील क्षार व प्रथिनांपुढे पार ओसरला. वरिष्ठांनी मात्र पहिला पट्टा दिसताच पत्रकारांना बोलावून ‘लवकरच औषध’ असे जाहीर करून टाकले होते. ते ठळकपणे छापून आले. प्रकल्प गुंडाळला गेला, तेव्हा एकही पत्रकार फिरकला नाही, आणि पुढे कित्येक महिने नातेवाईक आम्हालाच विचारत राहिले की, ते औषध कुठे मिळते?

हे केवळ आमच्याच बाबतीत घडले असेही नाही. बेडकाच्या त्वचेतील मॅगेनिन या जिवाणू मारणाऱ्या पेप्टाइडचा १९८७ मध्ये मोठा गाजावाजा झाला होता. त्यावरून बेतलेले पेक्सिगॅनन हे मधुमेहींच्या पायांवरील जखमांसाठीचे मलम अमेरिकेच्या औषध नियामकाने १९९९ मध्ये नाकारले, कारण आधीच्या प्रतिजैविकापेक्षा ते सरस ठरले नव्हते. म्हणून संशोधन थांबवावे, असे माझे म्हणणे मुळीच नाही. एका लिटरमागे शुद्ध पेप्टाइड किती मिळाले, ते रक्तद्रवात टिकले का आणि माणसाच्या तांबड्या पेशी त्याने फोडल्या का, एवढे तीन प्रश्न आपल्या प्रतिनिधीने विचारावेत. उत्तरे एका चौकटीत मावतात.

जाता जाता, बातमी जिवाणूंची असताना सोबत छापलेला काटेरी गोळा विषाणूचा होता. पुढच्या वेळी एखादा साधा दंडाणू (काठीच्या आकाराचा जिवाणू) छापावा. तो दिसायला तितका भयंकर नसतो, हे मान्य.

आपला,
एक निवृत्त किण्वन तंत्रज्ञ